टाळूची जखम भरते, पण वरचा जबडा मागे का राहतो?

"टाळू तं बंद झाली नं डॉक्टर, मंग वरचे दात आत काहून चालले?"

दुभंगलेल्या टाळूचं ऑपरेशन झालेल्या मुलांचे आईवडील मूल पाच-सहा वर्षांचं झालं की हा प्रश्न हमखास विचारतात. उमरेडचे असोत, गोंदियाचे असोत की पार बालाघाट-शिवनीहून नागपूरला आलेले, विचारताना मनात एक शंका असतेच : ऑपरेशनात काही चुकलं का? बहुतेक वेळा काहीही चुकलेलं नसतं. टाळू बंद करताना जी जखम होते, ती भरून काढायची शरीराची एक ठरलेली रीत आहे. तीच रीत वाढत्या जबड्याला आवरून धरते. हे कसं होतं ते कळलं, तर पुढच्या वर्षांत कधी घाई करायची आणि कधी थांबायचं हेही कळतं.

मुळात वरचा जबडा खुरटतो तो दुभंगामुळे की ऑपरेशनमुळे? हा वाद जुना आहे. अमेरिकेतले दंतवैद्य थॉमस ग्रेबर यांनी १९४९ मध्येच ऑपरेशनकडे बोट दाखवलं होतं. पण वाद मिटवायचा तर दुभंग असलेली आणि तरीही कधीच ऑपरेशन न झालेली मोठी माणसं तपासायला हवीत, आणि श्रीमंत देशांत अशी माणसं सापडत नाहीत. ती मेक्सिकोत सापडली. तिथल्या फर्नांडो ऑर्टिझ-मोनास्टेरियो यांनी १९५९ पासून अशा प्रौढांच्या चेहऱ्यांची मापं प्रसिद्ध केली. पुढे १९८४ मध्ये लंडनचे ऑर्थोडॉन्टिस्ट (दात आणि जबडे नीट बसवणारे डॉक्टर) मायकेल मार्स यांनी श्रीलंकेत मोठा प्रकल्प सुरू केला. ओठ आणि टाळू दोन्ही दुभंगलेले, कधीच टाके न पडलेले स्त्री-पुरुष तिथं आले. त्यांचे वरचे जबडे व्यवस्थित पुढे वाढलेले होते. काहींचे वरचे दात तर नको इतके पुढे आलेले. म्हणजे दुभंगलेल्या जबड्याच्या अंगात वाढायची ताकद असते, तिला मध्येच काहीतरी अडवतं.

इथे एखादा चटकन म्हणेल, मग ऑपरेशन करायचंच कशाला? कारण त्याच माणसांचं बोलणं घरच्यांपलीकडे फारसं कुणाला कळत नव्हतं. त्यांच्यातल्या ज्यांची टाळू मोठेपणी बंद केली, त्यांच्याही बोलण्यात म्हणावी तशी सुधारणा झाली नाही, कारण चुकीच्या उच्चारांची सवय तोवर हाडीमाशी खिळलेली होती. घाटदार जबडा आणि न कळणारं बोलणं, की कळणारं बोलणं आणि थोडा मागे राहिलेला जबडा? माझं मत स्पष्ट आहे. आधी बोलणं. जबडा पुढे आणायचे उपाय आज हाताशी आहेत. सहा वर्षांच्या मुलाचं गेलेलं बोलणं सोळाव्या वर्षी भरून देणारा उपाय नाही.

तशीही या ऑपरेशनची सुरुवात बोलण्यासाठीच झाली. १८१९ मध्ये पॅरिसचे सर्जन फिलिबेर रू यांनी जॉन स्टीफन्सन या कॅनडातून आलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्याची मऊ टाळू शिवली. भूल द्यायची सोय तेव्हा नव्हती. स्टीफन्सनचं बोलणं सुधारलं, आणि पुढे तो मॉन्ट्रियलमधलं वैद्यकीय शिक्षण सुरू करणाऱ्यांपैकी एक झाला.

आता तोंडाच्या आत बघू. जीभ वर लावली की पुढे जो कडक भाग लागतो ती कडक टाळू. तिच्यात हाड आहे. मागे पडजिभेकडे जाताना लागते ती मऊ टाळू. तिच्यात हाड नाही, स्नायू आहेत. गर्भात टाळूचे दोन्ही भाग जिभेच्या दोन बाजूंना उभे तयार होतात, साधारण आठव्या आठवड्यात आडवे होतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत मध्यावर एकमेकांना जुळतात. ही जुळणी अर्धवट राहिली की फट उरते. ग्रहणात आईनं विळीवर भाजी चिरली म्हणून असं झालं, हे अजूनही ऐकू येतं. त्यात काही तथ्य नाही. बऱ्याच बायकांना दिवस गेल्याची खात्री पटते तोवर ही जुळणी सुरूही झालेली असते.

मऊ टाळूचं काम दाराचं. आपण प, ब, ट, क, स म्हणतो तेव्हा ती उचलून घशाच्या मागच्या भिंतीला टेकते आणि हवा नाकात जाण्यापासून अडवते. फट असली की हे दार लागतच नाही. मूल 'बाबा' म्हणतं आणि ऐकणाऱ्याला 'मामा' ऐकू येतं. दूध नाकातून येतं, कानात पाणी साचून ऐकू कमी येतं, ही त्याच बिघाडाची इतर तोंडं.

जबड्याचा प्रश्न मात्र मुख्यतः कडक टाळूत घडतो. गालाच्या आतली कातडी चिमटीत धरता येते, हलते. कडक टाळूवरची कातडी हलत नाही. ती आणि हाडावरचं जिवंत आवरण मिळून एकच जाड थर असतो आणि तो हाडाला घट्ट चिकटलेला असतो. फट बंद करायची तर सर्जनला हा अख्खा थर हाडावरून सोडवावा लागतो. त्याला रक्त पुरवणारी धमनी मागच्या बाजूनं, शेवटच्या दाढेच्या आत असलेल्या एका छिद्रातून येते. ती जपत दोन्ही बाजूंचे थर मध्यभागी सरकवून शिवले जातात. डॉक्टर या थराला फ्लॅप म्हणतात.

पण ताणून वाढेल अशी ही कातडी नाही. मधली फट झाकली की कडेला तेवढी जागा उघडी पडते. बर्लिनचे बर्नहार्ड फॉन लांगेनबेक यांनी १८६१ मध्ये जी पद्धत मांडली, तिच्यात दातांच्या आतल्या बाजूनं दोन्हीकडे एकेक लांब छेद घेतात. त्यामुळे थर सैल होऊन मध्ये सरकतो आणि छेदाच्या जागी हाडाची पट्टी उघडी राहते. पुढे विसाव्या शतकात टाळू मागे ढकलून लांब करायची पद्धत रूढ झाली. फ्रान्सचे व्हो आणि इंग्लंडचे वॉर्डिल व किल्नर यांची नावं तिला जोडली जातात. तिच्यात तर पुढच्या भागातही बरंच हाड उघडं पडतं. लहान बाळाच्या तोंडात ही पट्टी काही मिलिमीटर रुंदीची असते. तिला टाके नसतात. ती आपोआप भरते, आणि दोन-तीन आठवड्यांनी तपासणीला नेलं की डॉक्टर म्हणतात, "छान भरली जखम."

भरली खरी. पण कशानं भरली?

पहिल्या काही तासांत रक्ताची गुठळी जागा झाकते. मग दोन-तीन दिवस पांढऱ्या पेशींचे असतात. त्या जंतू मारतात, मेलेलं काढून टाकतात. आई मोबाइलच्या उजेडात बाळाच्या तोंडात बघते तेव्हा कडेला पिवळट-पांढरा थर दिसतो आणि पू झाला असं वाटून ती घाबरते. बहुतेकदा तो पू नसतो, जखमेवरचं नेहमीचं आवरण असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून नव्या बारीक रक्तवाहिन्या शिरू लागतात आणि फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येऊन कोलॅजन या प्रथिनाचे धागे विणू लागतात. जखम लालभडक, दाणेदार दिसते. कडांकडून नवी त्वचा सरकत येते आणि साधारण तीन आठवड्यांत वरून सगळं बंद होतं.

याच काळात फायब्रोब्लास्टांपैकी काही पेशी रूप बदलतात. त्यांच्यात स्नायूसारखे आकुंचन पावणारे धागे तयार होतात. १९७१ मध्ये जूलिओ गॅबियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखल्या. त्यांचं नाव मायोफायब्रोब्लास्ट. त्या आजूबाजूच्या धाग्यांना धरून आवळतात आणि जखमेच्या कडा जवळ ओढतात. निसर्गाच्या बाजूनं बघितलं तर हे शहाणपणाचंच आहे. जखम जेवढी लहान, तेवढं नवं बांधकाम कमी. मांडीवर जखम झाली तर आजूबाजूची सैल कातडी ओढली जाते, मांडीचं काही बिघडत नाही. टाळूत मात्र जखमेच्या एका कडेला शिवलेला फ्लॅप आणि दुसऱ्या कडेला दातांची रांग. सैल असं काहीच नाही. मग ओढ बसते ती दातांना आणि त्यांना धरून असलेल्या कोवळ्या हाडाला. डफड्यावर ओलं कातडं ताणून बसवलं की वाळताना ते आवळतं. लाकडाचं कडं पक्कं असेल तर आवाज खणखणीत निघतो, पण कडं ओल्या बांबूचं असेल तर तेच आत वाकेल. वर्षाच्या बाळाचा जबडा हा ओला बांबू आहे.

आवळण्याचा हा जोर काही आठवड्यांत ओसरतो आणि बहुतेक मायोफायब्रोब्लास्ट मरून जातात. तेवढ्यावर भागलं असतं तर प्रश्न छोटा होता. दात थोडे आत झुकले असते, पुढे तारांनी सरळ करता आले असते. खरी अडचण नंतर सुरू होते. उघड्या हाडावर जो व्रण, म्हणजे भरलेल्या जखमेची घट्ट खूण, तयार होतो त्याचे कोलॅजनचे धागे थेट हाडात शिरून रुततात. दात आणि हाड यांना बांधणारे धागे जसे दोन्हीकडे रुजलेले असतात, तशीच ही रुजवण असते. मूळच्या आवरणात लवचीक धागे आणि रक्तवाहिन्या भरपूर असतात. व्रणात दोन्हींची वानवा. मूल वाढतं, व्रण त्या वेगानं वाढत नाही. वर्षानुवर्षं जबडा पुढे आणि रुंद होऊ पाहतो आणि ही पट्टी त्याला धरून ठेवते.

हे कशावरून म्हणायचं? अमेरिकेत आयोवा विद्यापीठात क्रेमेनॅक आणि सहकाऱ्यांनी साठच्या दशकात बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग केले. पिल्लांना दुभंग नव्हताच. त्यांच्या दातांच्या आतल्या बाजूची फक्त कातडीची एक पट्टी काढली आणि हाड उघडं ठेवलं. पिल्लं मोठी झाली तेव्हा वरच्या दातांची कमान त्या ठिकाणी अरुंद झालेली होती. दुभंग नसतानाही नुसत्या जखमेनं हे केलं, यापेक्षा सरळ उत्तर मिळणं अवघड. नंतर नेदरलँड्समधल्या नायमेगेन इथल्या गटानं बीगलांवरच काम पुढे नेलं. धागे हाडात कसे रुततात हे त्यांनी दाखवलं, आणि आणखी एक कामाची गोष्ट दाखवली : फ्लॅप उचलताना हाडावरचं सगळ्यात आतलं आवरण जागेवर ठेवलं तर व्रण हाडाला तितका चिकटत नाही आणि कमानही कमी अरुंद होते.

आता जबड्याची वाढ. ती समजल्याशिवाय 'आत्ता तर ठीक दिसतंय' आणि 'अचानक चेहरा बदलला' या दोन वाक्यांचा मेळ लागत नाही. वरचा जबडा तीन दिशांनी वाढतो. रुंदीची वाढ एरवी टाळूच्या मधल्या सांध्यात होते. पूर्ण दुभंगात हा सांधा जागेवर नसतोच. लांबी वाढते मागे, शेवटच्या दाढेच्या पाठीमागे नवं हाड चढून. जबडा कवटीला जिथे जोडलेला असतो त्या सांध्यांमध्येही हाड भरत जातं आणि अख्खा जबडा खाली-पुढे सरकतो. उंची वाढते ती टाळूच्या तोंडाकडच्या बाजूला हाड चढून आणि नाकाकडच्या बाजूला झिजून.

व्रण या तिन्हींत आडवा येतो, पण एकाच वेळी नाही. रुंदीचा परिणाम आधी दिसतो. दुधाच्या दातांतच, चार-पाच वर्षांच्या वयात, वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसू लागतात. पुढच्या दिशेनं होणाऱ्या वाढीवरचा परिणाम दबा धरून असतो. लहान मुलाचा चेहरा गुबगुबीत, खालचा जबडा छोटा, त्यामुळे फरक डोळ्यांत भरत नाही. वयात येताना मुलींचा खालचा जबडा जोरात वाढतो, मुलांचा त्याहून उशिरा आणि जास्त. वरचा मात्र मागेच रेंगाळतो. चेहऱ्याचा मधला भाग बसका दिसतो, खालचे पटाशीचे दात वरच्यांच्या पुढे येतात, चावताना शेव-चिवडासुद्धा नीट तुटत नाही. आठवीत असलेल्या मुलाचा चेहरा दोन वर्षांत बदलला म्हणून आईवडील हवालदिल होतात. बिघाड दोन वर्षांतला नसतो. तेरा वर्षांपूर्वीचा व्रण आणि खालच्या जबड्याची उसळी, दोन्ही एकत्र दिसू लागलेली असतात.

सगळं खापर टाळूच्या व्रणावर फोडणंही बरोबर नाही. ओठाचं ऑपरेशन झालं असेल तर ओठाचा घट्ट व्रण समोरून दाब देतो. दुभंगाच्या बाजूचा पटाशीचा दात कित्येकदा उगवतच नाही. फट किती रुंद होती, मुळात पेशीजाल किती होतं, घराण्याचा जबडा कसा आहे, हेही मोजावं लागतं. फक्त मऊ टाळू दुभंगलेली असेल तर जबड्याच्या वाढीवर परिणाम फार कमी होतो. ओठापासून पडजिभेपर्यंत आरपार फट असेल तर सगळ्यात जास्त. म्हणून शेजारच्या मुलाशी तुलना करून काही हाती लागत नाही.

ऑपरेशन उशिरा केलं तर? जर्मनीत श्वेकेनडीक पितापुत्रांनी हा मार्ग धरला. मऊ टाळू लहानपणी शिवायची आणि कडक टाळूची फट तोंडात बसवलेल्या प्लेटनं झाकून बारा-चौदा वर्षांपर्यंत ठेवायची. जबडे सुरेख वाढले. बोलणं मात्र अनेकांचं बिघडलं. म्हणून आज बहुतेक ठिकाणी टाळू नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान बंद करतात. आणखी लवकर केली तर काय, याची तपासणी ब्रिटन, स्कँडिनेव्हिया आणि ब्राझीलमध्ये मिळून झाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. फक्त टाळू दुभंगलेली ५५८ बाळं. काहींचं ऑपरेशन सहाव्या महिन्यात, काहींचं बाराव्या. पाचव्या वर्षी बोलताना टाळूचं दार नीट न लागणाऱ्यांचं प्रमाण पहिल्या गटात ८.९ टक्के, दुसऱ्यात १५ टक्के. यावरून आपल्याकडेही सरसकट सहा महिन्यांवर यावं असं मी म्हणणार नाही. ती बाळं निरोगी आणि वजनदार होती, आणि लहान बाळाला भूल देणारी तरबेज मंडळी हाताशी होती. भामरागडहून आलेल्या पाच किलोच्या बाळाला तोच नियम कसा लावणार?

विदर्भात आणखी एक तपासणी टाळता येत नाही, ती सिकलसेलची. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात हा आजार बराच आहे. शरीरातलं पाणी कमी झालं किंवा ऑक्सिजन घटला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. फ्लॅप ज्या एका धमनीवर जगतो तिच्या बाबतीत ही जोखीम कोण घेईल? भूल देण्यापूर्वी ही तपासणी झाली आहे ना, हे आईवडिलांनी स्वतः विचारावं. संकोच करू नये.

सर्जनच्या हातात काय असतं? बरंच काही. उघडं हाड जेवढं कमी, तेवढा पुढचा त्रास कमी, हे सूत्र आता बहुतेक सगळे मानतात. फट अरुंद असेल तर कडेचे छेद घेतच नाहीत. लंडनचे ब्रायन सॉमरलॅड यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मऊ टाळूचे स्नायू सोडवून योग्य जागी बसवले, आणि त्यांच्या बहुतेक रुग्णांत कडेचे छेद लागले नाहीत. अमेरिकेतल्या लिओनार्ड फर्लो यांनी १९८६ मध्ये मांडलेली पद्धत मऊ टाळूच्या दोन थरांवर इंग्रजी झेड अक्षराच्या आकाराचे उलटसुलट छेद घेते. टाळू लांब होते आणि टाक्यांची रेष सरळ राहत नाही, म्हणून आवळण्याचा जोरही एका रेषेत लागत नाही. नाकाच्या मधल्या पडद्यावरची त्वचा आणून कडक टाळूची फट झाकणं ही जुनी युक्ती अजून वापरात आहे. आणि कडेला हाड उघडं पडलंच तर गालातल्या चरबीचा गोळा ओढून त्यावर अंथरतात. प्रत्येकाच्या गालात ही चरबी असते, तिला स्वतःचा रक्तपुरवठा असतो आणि काही आठवड्यांत तिच्यावर टाळूची त्वचा चढते. मला ही युक्ती आवडते, कारण ती नेमक्या दुखऱ्या जागी काम करते. तरी चरबी टाकलेल्या बाळांचे जबडे मोठेपणी किती वाढले, याचा पक्का हिशेब ती मुलं वाढल्यावरच लागेल.

औषधानं व्रणच होऊ नये असंही लोकांना वाटत आलं आहे. गर्भातल्या बाळाची कातडी सुरुवातीच्या महिन्यांत कापली गेली तर व्रण न होता भरते. त्यात वाढ घडवणाऱ्या टीजीएफ-बीटा गटातल्या प्रथिनांचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून त्यांतलं एक प्रथिन मोठ्यांच्या कातडीत टोचून पाहिलं. सुरुवातीला आशा वाटली, २०११ मध्ये शेवटच्या टप्प्यातली चाचणी अपयशी ठरली. तेव्हा व्रण नाहीसा करणारं इंजेक्शन म्हणून कोणी काही विकत असेल तर दूर राहा.

घरच्यांच्या हातातलं मुख्य काम पहिल्या तीन आठवड्यांचं. टाके उसवले की जखम कडेनं नव्हे, मधोमध उघडते, तोंड-नाकात भोक राहतं, पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. आणि दुसऱ्या वेळी व्रणावर व्रण चढतो, जबड्याला तो जास्त महाग पडतो. म्हणून बाळाच्या तोंडात चमच्याचं टोक, बोट, खेळणं, ब्रश काही जाऊ द्यायचं नाही. वाटीनं किंवा सर्जन सांगतील तसं पातळ द्यायचं : दूध, वरणाचं पाणी, गाळलेली पेज, ताक. नंतर मऊ भात आणि कुस्करलेलं केळ. टोस्ट, चकली, मुरमुरे, फुटाणे वर्ज्य. आजी-आजोबांना हे आधीच सांगून ठेवा, कारण लाड तिथूनच होतात. प्रत्येक वेळी खाऊन झालं की दोन घोट पाणी पाजून तोंड स्वच्छ करायचं. तोंड दुखतं म्हणून बाळ पीत नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना न पिणारं बाळ काही तासांत सुकतं. सहा-आठ तास लघवी नाही, तोंडातून ताजं रक्त येतंय, श्वासाला घरघर किंवा ताप चढलाय, यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. कोलॅजन विणायला क जीवनसत्त्व लागतं हे खरं. पण म्हणून ताज्या जखमेवर संत्र्याचा रस ओतू नका, आग होते. महिन्यानं खुशाल द्या.

पुढचं काम दातांच्या डॉक्टरांचं. पाचव्या-सहाव्या वर्षी दातांचे साचे घेऊन वरची आणि खालची कमान कशी बसते ते पाहतात. यासाठी एक ते पाच अशी मोजपट्टी जगभर वापरतात. एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे जबड्याचं ऑपरेशन जवळपास अटळ. सातव्या-आठव्या वर्षानंतर गरज असेल तर टाळूला लागून तारेचं उपकरण बसवून कमान रुंद करतात. व्रण इथेही आपलं खरं करतो. उपकरण काढलं की कमान पुन्हा आत येऊ पाहते, म्हणून तिला धरून ठेवणारी तार बराच काळ ठेवावी लागते. "रुंद झाली की आता काढा" असा आग्रह धरू नका.

हिरडीतली फट कमरेच्या हाडाचा मऊ गर घालून भरतात. त्याचं वय नऊ ते अकराच्या आसपास, कायमचा सुळा खाली उतरण्याआधी. सुळा त्या नव्या हाडातून उतरला तर तो हाड टिकवतो. ही वेळ हुकली की भरलेलं हाड बऱ्याचदा विरघळून जातं. सगळ्या वेळापत्रकात मला सर्वांत जास्त काळजी याच वेळेची वाटते. ओठ दिसायला बरा, बोलणंही ठीक, मूल शाळेत रमलेलं, मग नागपूरला कशाला जायचं असं वाटण्याचं वय नेमकं हेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येतात. हा कार्यक्रम २०१३ पासून आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि दुभंगलेले ओठ-टाळू त्याच्या यादीत आहेत. टाळू शिवून झालेलं मूलही त्यांना दाखवता येतं. नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातच शासकीय दंत महाविद्यालय आहे. एका फेरीत सर्जन आणि दातांचे डॉक्टर दोघांना दाखवता येईल, असा दिवस आधी विचारून ठरवा.

जबडा फारच मागे असेल आणि मूल अजून दहाच्या आत असेल तर कपाळ-हनुवटीवर टेकणारा मुखवटा लावून रबरानं वरचा जबडा पुढे ओढून पाहतात. मिळालेला फायदा वयात येताना बराचसा निसटू शकतो. वाढ पूर्ण झाल्यावर, मुलींत साधारण सोळा-सतरा आणि मुलांत अठरानंतर, वरचा जबडा आडवा कापून पुढे आणून पट्ट्यांनी बसवता येतो. अंतर जास्त असेल तर स्क्रूच्या उपकरणानं रोज सुमारे एक मिलिमीटर असा हळूहळू पुढे नेतात, म्हणजे घट्ट व्रणालाही ताणायला वेळ मिळतो. या ऑपरेशनाआधी एक गोष्ट जरूर विचारा. जबडा पुढे गेला की त्याला जोडलेली मऊ टाळूही पुढे जाते आणि घशाच्या भिंतीपासून तिचं अंतर वाढतं. ज्याचं दार जेमतेम लागत होतं त्याचं बोलणं पुन्हा नाकातून येऊ शकतं. म्हणून आधी स्पीच थेरपिस्टकडून तपासणी, शक्य असेल तर नाकातून दुर्बीण घालून टाळूची हालचाल बघणं, आणि मग किती मिलिमीटर पुढे न्यायचं याचा निर्णय.

या सगळ्यात उपयोगी पडतो तो पहिल्या ऑपरेशनचा कागद. कोणती पद्धत वापरली, कडेला छेद घेतले का, हाड उघडं राहिलं का, गालातली चरबी वापरली का, हे त्यावर असतं किंवा मागितलं तर लिहून मिळतं. बारा वर्षांनी नवा डॉक्टर तोंडात बघून यातलं अर्धंच ओळखू शकतो. डिस्चार्ज कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो काढून आई, वडील आणि मामा अशा तिघांच्या फोनमध्ये ठेवा, आणि मूळ कागद लसीकरणाच्या कार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत.